क्षयाचा शेरा

मंसाराम श्रीरामे तपासणीच्या गाडीच्या पायऱ्या चढून आत आला, तेव्हा त्याला दम लागला होता. पायऱ्या चारच होत्या.

"शर्ट काढ, दादा," वनमाला म्हणाली. "हनुवटी इथं टेकव. खांदे पुढं घे."

"मागच्या सालीच त काढला होता फोटो."

"दरसाल काढा लागते. श्वास ओढ. धरून ठेव."

श्वास त्याला धरता आला नाही. मधेच खोकल्याची उबळ आली. तिसऱ्या खेपेला जमलं.

वनमाला नन्नावरे ही मंसारामची धाकटी बहीण. सरकारी आरोग्य योजनेच्या फिरत्या गाडीवर ती एक्स-रे तंत्रज्ञ होती. वर्षातून एकदा ही गाडी करंजवाहीच्या कारखान्यात यायची आणि दोन दिवसांत चारशे कामगारांच्या छातीचे फोटो व्हायचे. कारखान्यात गारगोटी दळली जायची. टेकड्यांतला पांढरा दगड चक्क्यांत घालायचा, मैद्याहून बारीक करायचा, पोती भरायची. सौरऊर्जेच्या पत्र्यांवरची काच त्यातून होत असे. गेल्या दहा वर्षांत देशातलं जवळजवळ प्रत्येक छप्पर त्या पत्र्यांनी झाकलं गेलं होतं आणि चक्क्या दिवसरात्र चालू होत्या. मंसाराम सतरा वर्षं चक्कीच्या तोंडाशी उभा होता.

फोटो पडद्यावर आला. वनमालाने तो मोठा करून पाहिला.

दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात तांदळाच्या कण्यांसारखे गोल ठिपके पसरले होते, डावीकडे तितकेच उजवीकडे. मुळाशी असलेल्या गाठींना अंड्याच्या टरफलासारखी पातळ पांढरी कड होती. असे फोटो तिने शेकड्यांनी पाहिले होते. ही धूळ होती. दगडाची भुकटी फुप्फुसात शिरली की बाहेर येत नाही. तिच्याभोवतीचं मांस हळूहळू घट्ट होतं, आणि चक्की सोडल्यावरही ते घट्ट होणं थांबत नाही. डॉक्टर त्याला सिलिकोसिस म्हणतात. त्याला औषध नाही.

यंत्राने फोटो अकरा सेकंदांत वाचला. खाली शेरा उमटला: क्षयरोग. खात्री सत्त्याण्णव टक्के.

"काय म्हणते तुही मशीन?" शर्टाची बटणं लावत मंसारामने विचारलं.

पडद्याच्या कोपऱ्यात 'असहमत' असं एक बटण होतं. गाडीवर आल्यापासून वनमालाने ते कधी दाबलं नव्हतं. आज दाबलं. उत्तर लगेच आलं: 'आपली असहमती नोंदवली आहे. निदान कायम.'

"क्षय म्हणते," ती म्हणाली.

तेवढ्या वेळात सगळं होऊन गेलं होतं. मंसारामचं नाव क्षयरुग्णांच्या सरकारी यादीत चढलं होतं, कारखान्याच्या फाटकावरचा त्याचा पास रद्द झाला होता आणि घरातल्या सगळ्यांच्या नावाने सूचना निघाल्या होत्या. तो गाडीतून उतरला तेव्हा बाहेर रांगेत उभे असलेले लोक दोन्ही बाजूंना सरकले. मुकादमाने एक बांबू आणला, झाडाखाली ठेवलेला मंसारामचा जेवणाचा डबा त्या बांबूने ढकलत ढकलत फाटकाबाहेर नेला, आणि बांबूही तिथेच टाकून तो परत फिरला.

---

यंत्र क्षयच सांगणार हे वनमालाला ठाऊक होतं. कारण त्याला ते तिनेच शिकवलं होतं.

सहा वर्षांपूर्वी ती नुकतीच तंत्रज्ञाची पदविका घेऊन बाहेर पडली होती. जिल्ह्याच्या गावी, मोबाइलच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, बारा मुली पडद्यांपुढे बसून छातीचे जुने फोटो वाचायच्या. प्रत्येक फोटोवर शेरा मारायचा. वनमाला त्यांच्यात सगळ्यात तरबेज. तिने एकटीने नऊ हजार फोटो वाचले.

अशा यंत्राला रोग म्हणजे काय ते कळत नाही. त्याच्यासाठी फोटो म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, म्हणजे आकड्यांची, लांबच लांब रांग. त्याला एक फोटो दाखवतात आणि उत्तरही सांगतात. मग दुसरा, मग तिसरा. सुरुवातीला यंत्र अंदाज करतं आणि चुकतं. चुकलं की ते स्वतःच्या आतले हिशेब थोडे इकडे, थोडे तिकडे सरकवतं. लाखो वेळा असं केल्यावर त्याचं उत्तर सांगितलेल्या उत्तराशी जुळू लागतं. फोटोत काय आहे हे ते शिकत नाही. फोटो पाहून माणसाने काय म्हटलं होतं, तेवढंच ते शिकतं. शेवटी त्याची परीक्षा घेतात, तीही त्याच माणसांनी शेरे मारलेल्या फोटोंवर. प्रश्न काढणारा आणि उत्तरं ठरवणारा एकच असला, तर त्याचा विद्यार्थी सत्त्याण्णव टक्के मिळवणारच.

पहिले चार महिने शेऱ्यांचे चार रकाने होते: निरोगी, क्षय, धूळ, इतर. एका सोमवारी मुली कामावर आल्या तेव्हा तीनच उरले होते. 'धूळ' गेला होता.

प्रकल्पाचे प्रमुख डॉ. आल्हाद केळापुरे दुपारी आले. वनमालाने विचारलं.

"धूळ म्हणायची तर माणूस काय काम करतो ते माहीत पाहिजे," ते शांतपणे म्हणाले. "फोटोत ते दिसतं का?"

"नाही सर. पण गाठींची कड दिसते."

"शंका आली तर क्षय लिहायचं. क्षयाला औषध आहे, मॅडम. धुळीला नाही. ज्याला औषधच नाही त्याचा शेरा मारून पेशंटचं काय भलं होणार?"

यावरचं उत्तर तिने फार शोधलं नाही. आधी धूळ म्हणून शेरा मारलेले सहाशे बारा फोटो तिने पुन्हा उघडले आणि चार दिवसांत त्या सगळ्यांवर 'क्षय' लिहिलं. दोन महिन्यांनी तिला फिरत्या गाडीवर कायमची नेमणूक मिळाली.

क्षय कुणालाही होतो, त्याला कुणी जबाबदार नसतं. धूळ मात्र कारखान्यातच होते, आणि तिची भरपाई कारखान्याला द्यावी लागते. एवढी साधी गोष्ट तिला तेव्हा समजत नव्हती असं नाही.

यंत्र आधी एका जिल्ह्यात चाललं, मग अकरा जिल्ह्यांत, मग तीन राज्यांत. त्याची खात्री नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर बेडका तपासायची गरज नाही, असा नियम निघाला. कामगारांच्या रोगाच्या दाव्यांत त्याचाच शेरा अखेरचा मानावा, असाही निघाला. ज्या तीन राज्यांत गारगोटी दळली जात होती, तिथे चार वर्षांत धुळीचा एकही रोगी सापडला नाही. वर्तमानपत्रांनी ती चांगली बातमी म्हणून छापली.

---

मंसारामची बायको कौतुका शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी तिला दारातूनच परत पाठवलं. मंसारामची खाट मागच्या छपरीत गेली. त्याचा लोटा, त्याचं अंथरूण वेगळं झालं. गोळ्या सुरू झाल्या. त्या तो एकही न चुकता घ्यायचा, कारण सहा महिन्यांत बरं होशील असं त्याला सांगण्यात आलं होतं.

वनमाला दर रविवारी जायची आणि गप्प बसून यायची. चौथ्या महिन्यात त्याचे डोळे पिवळे झाले. गोळ्यांचा यकृतावर परिणाम झाला होता. त्या दिवशी तिने त्याचा बेडका तीन वेगवेगळ्या डब्यांत घेतला आणि स्वतःच्या नावाने नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथे जंतू वाढतात का ते सहा आठवडे पाहतात. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. तिन्ही डब्यांत क्षयाचा एकही जंतू नव्हता.

तो कागद घेऊन ती केळापुऱ्यांकडे गेली. ते आता राज्याच्या मुख्य कचेरीत बसत होते. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि तिच्यापुढे सरकवला.

"भावाबद्दल वाईट वाटतं. आपण त्याच्या गोळ्या बंद करू."

"सर, माझ्या एकट्या भावाचं नाही हे. सहाशे बारा शेरे खोटे होते. यंत्र त्याच्यावर शिकलंय. धुळीचा रकाना तुम्ही काढायला लावला."

"मी?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी काही लेखी दिलं होतं का तुम्हाला? प्रत्येक शेऱ्याच्या पुढे ओळखक्रमांक आहे, वेळ आहे. क्रमांक कुणाचा आहे, मॅडम?"

तिने पुढ्यातला कागद उचलला.

"तुमचा आहे. सहाशे बारा वेळा तुमचाच आहे. जुना शेरा काय, नवा काय, कधी बदलला, सगळं आहे तिथे. चौकशी लागली तर पहिला गुन्हा कुणावर नोंदवतील? घरी जा. भावाची काळजी घ्या."

दार ओढून घेताना तिच्या मनात आलं की माणूस धमकी देतोय, पण खोटं बोलत नाहीये.

---

ती तिथून थेट करंजवाहीला गेली. मंसाराम छपरीत भिंतीला टेकून बसला होता. कौतुका सुपात डाळ पाखडत होती.

"दादा, गोळ्या बंद कर. तुले क्षय नाई."

कौतुकाचा हात थांबला. "नाई? मंग हे काय हाय?"

"धूळ. चक्कीची धूळ."

मंसाराम भिंतीपासून पुढे झुकला. "तुले कवापासून माहीत हाय?"

"फोटो काढला तवापासून."

"म्हंजे साडेपाच महिने."

"त्याच्याही आधीपासून. मशीनले मीच शिकवलं, दादा. धुळीले क्षय म्हणाचं म्हणून." आणि मग तिने सगळं सांगितलं. रकाना, चार दिवस, नेमणूक.

तिचं संपल्यावर तो भिंतीला धरून उठला.

"तुही फी कोनं भरली होती? नर्सिंगच्या बाजूचा तो कोर्स."

"तूच."

"मी चक्कीवर डबल पाळी केली होती त्याच्यासाठी." त्याला खोकला आला. तो संपेपर्यंत तो खांबाला धरून उभा राहिला. "जाय इथून."

"दादा..."

"कौतुका, इले म्हण जाय. माह्याच्यानं बोलणं होत नाई."

कौतुका उठली, तिने वनमालाची पिशवी उचलली आणि अंगणाबाहेर रस्त्यावर नेऊन ठेवली.

---

पुढच्या आठवड्यात वनमालाने कामगार आयुक्तांना पत्र लिहिलं. पत्र दोनच पानांचं होतं. शेऱ्यांतल्या बदलांची नोंद यंत्राच्या कोणत्या कप्प्यात सापडेल हे तिने नेमकं लिहिलं होतं, आणि स्वतःचा ओळखक्रमांकही. पत्र बाहेर फुटलं. गोंधळ झाला, दोन महिन्यांनी चौकशी समिती बसली.

सुनावणी जिल्हा परिषदेच्या सभागृहात झाली. करंजवाही आणि आसपासच्या सात गावांतून माणसं आली होती. पुष्कळांना जिना चढवला नाही म्हणून ती खालीच पटांगणात बसून राहिली. वर समितीत तिघं होते. त्यांतल्या डॉ. फिरदोस शेख या फुप्फुसाच्या तज्ज्ञ. प्रश्न त्याच विचारत होत्या.

"तुमच्यावर दबाव होता?"

"होता," वनमाला म्हणाली. "पण कुणी डोक्यावर काठी घेऊन उभं नव्हतं. मी एकदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं."

"का नाही विचारलं?"

"नोकरी हवी होती."

मागून कुणीतरी शिवी दिली. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. केळापुऱ्यांच्या वकिलाने उठून सांगितलं की साक्षीदार स्वतःच गुन्हा कबूल करते आहे, तेव्हा आणखी कुणाला गोवण्याचं कारण नाही. त्यावर डॉ. शेख यांनी एक कागद वाचून दाखवला. रकाना काढून टाकण्याचा अधिकार फक्त एका ओळखक्रमांकाला होता, आणि तो रकाना त्या सोमवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी त्याच क्रमांकाने निघाला होता. क्रमांक केळापुऱ्यांचा होता. केळापुरे म्हणाले, तो तांत्रिक निर्णय होता. दिवसभरात ते एवढंच बोलले.

मग पस्तिसेक वर्षांची एक बाई उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिचं नाव पार्बता कन्नाके. तिचा नवरा बिसन त्याच कारखान्यात होता आणि तीन वर्षांपूर्वी वारला होता. ती समितीकडे न पाहता वनमालाच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"माह्या नवऱ्याले दोन खेपा गोळ्या देल्ल्या. दोन्ही खेपा पुऱ्या खाल्ल्या त्यानं. माही पोरगी तवा दोन वर्षांची होती. ती बाबाकडे जाले रडे. मी जाऊ नाई देल्लं. लागंल म्हणून. दोन वर्षं त्यानं पोरीले हात नाई लावला. दारातून पाहे." तिचा आवाज चढला नाही. "मेला तवाबी मी पोरीले दूरच धरून उभी होती. आता तू म्हणते का लागणारं नोतं. तुले काय करू मी? सांग. काय करू तुले?"

वनमाला खुर्चीतून उठून उभी राहिली. पार्बता तिच्या तोंडावर थुंकली आणि जिना उतरून गेली. वनमालाने ते लगेच पुसलं नाही. समितीने दहा मिनिटांची सुट्टी जाहीर केली.

---

निकाल लागला तो असा. यंत्र तीन राज्यांत थांबवलं गेलं. वनमालाला कामावरून काढलं आणि तिच्यावर खोट्या नोंदींचा खटला भरला. केळापुऱ्यांना समज देण्यात आली. चार महिन्यांनी ते एका खासगी संस्थेत मोठ्या हुद्द्यावर गेले. कारखान्याने फाटकाजवळ 'धुळीपासून सावध राहा' असा फलक लावला. मंसारामचा दावा पुन्हा उघडला, कौतुकाला शाळेत परत घेतलं. मंसारामला त्याचा उपयोग फारसा नव्हता. तो आता प्राणवायूच्या नळीवर होता.

पण फोटो उरलेच होते. सगळ्या जुन्या फोटोंवर नव्याने शेरे मारल्याशिवाय कुणाचा दावा पुढे सरकणार नव्हता. डॉ. शेख यांनी राज्यभर माणसं शोधली. धूळ आणि क्षय यांतला फरक नुसत्या नजरेने सांगणारे पाच डॉक्टर मिळाले. पाचही म्हातारे, आणि कुणाला आठवड्यातून एका दिवसापेक्षा जास्त वेळ नव्हता. काम पाच वर्षं चाललं असतं. तितकी वर्षं या लोकांकडे नव्हती.

शेवटी त्या करंजवाहीला आल्या. पंचायतीच्या ओट्यावर लोकांना बोलावून त्यांनी सांगितलं की पहिलं वाचन वनमालाकडून करून घ्यावं आणि डॉक्टरांनी ते तपासावं, असं त्यांचं मत आहे.

"त्याच हातानं?" एक म्हातारा ओरडला. "पुन्हा तिच्याच हातानं?"

"हात तोडा तिचे," दुसरा म्हणाला.

गलका वाढला. वनमाला खाली मान घालून पायरीजवळ उभी होती. तेव्हा मागून कौतुकाने मंसारामची चाकाची खुर्ची पुढे आणली. नळी नाकात होती. त्याला तीन-तीन शब्दांत बोलावं लागत होतं.

"बसू द्या तिले. तिले दिसते ते. म्हणूनच त... जास्त राग हाय मले." तो थांबला, श्वास घेतला. "पण एकटी नाई बसवाची. तिच्या मागं... आपलं माणूस बसंल. रोज. तिच्या हाताकडं पाहत."

"कोण बसंल?" सरपंचांनी विचारलं.

"मी बसतो," पार्बता कन्नाके म्हणाली.

खुर्ची वळली. मंसारामने बहिणीकडे पाहिलं नाही. त्यानंतर तो अडीच महिने जगला आणि ती त्याला भेटायला तीनदा गेली. तिन्ही वेळा कौतुका दारात उभी राहून म्हणाली, "झोपले हायेत."

---

जिल्हा रुग्णालयातल्या एका खोलीत काम सुरू झालं. रकाने पुन्हा चार झाले. वनमाला पडद्यापुढे, आणि तिच्या उजव्या खांद्यामागे, लाकडी स्टुलावर पार्बता. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. पार्बता नमस्कार करत नसे, चहा घेत नसे. पहिले काही दिवस ती फक्त पाहत होती. मग प्रत्येक फोटोला विचारू लागली.

"हे काहून क्षय?"

"एकाच बाजूला आहे. आणि इथं पोकळी पडली आहे, बघा."

"अन् हे?"

"हे दोन्हीकडं सारखं. कण्यांवाणी. ही कड दिसते? ही धूळ."

"मागच्याले बी कड होती. त्याले इतर काहून लिवलं?"

वनमालाने मागचा फोटो पुन्हा उघडला. पार्बताचं बरोबर होतं. तिने शेरा बदलला. त्या दिवशी पार्बताने स्टूल आणखी जवळ ओढलं. दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी तपासायला घेतलेल्या शंभर फोटोंत दोन चुका निघाल्या. त्यातली एक पार्बताने आधीच दाखवली होती आणि वनमालाने ती ऐकली नव्हती. पार्बताने ते आठवडाभर ऐकवलं.

फोटोंवर नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. कोणाची छाती ते त्या खोलीत कुणालाच कळायची सोय नव्हती.

अकराव्या आठवड्यात एक फोटो आला. दोन्हीकडे दाट कण्या, मुळाशी कड. वनमालाचा हात शेऱ्याकडे गेला, तोच पार्बता म्हणाली, "थांब. हे पांढरं काय हाय? खांद्यापाशी. आडवं."

"पट्टी आहे, लोखंडी. हाड मोडलं की बसवतात. हे चार ठिपके म्हणजे तिचे खिळे."

मागे स्टूल करकरलं. वनमालाने वळून पाहिलं नाही. तिला वळायची भीती वाटली.

"बैलबंडी उलटली होती," पार्बता म्हणाली. "आमच्या लग्नाच्या सालीच. नागपूरले नेलं होतं. डॉक्टर म्हणे, चार खिळे ठोकले."

खोलीत पंखा फिरत होता. वनमालाने फोटोखालची नोंद उघडली. पहिला शेरा: धूळ. चार महिन्यांनी बदललेला शेरा: क्षय. दोन्हींपुढे तिचाच क्रमांक होता. पार्बताला अक्षरं वाचता येत होती. तिने वाचलं. दोनदा वाचलं.

"पयल्यांदा बरोबर लिवलं होतं तू," ती म्हणाली.

"हो."

पार्बता उठली. ती आता काय करील हे वनमालाला ठाऊक नव्हतं, आणि तिने अंगही चोरलं नाही. पण पार्बता तिच्या बाजूने पुढे आली आणि पडद्याला नाक लागेल इतकी वाकली. बिसनच्या छातीकडे तिने नीट पाहून घेतलं, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक फासळी पाहावी तसं.

"सरक," ती म्हणाली. "कोनतं दाबा लागते?"

वनमालाने खुर्ची मागे घेतली आणि बोटाने रकाना दाखवला. पार्बताने पदराला हात पुसला, एक बोट पुढे केलं आणि दाबलं. 'धूळ' असं उमटलं. ते उमटलेलं ती पाहत उभी राहिली. मग स्टुलावर जाऊन बसली आणि हात मांडीवर ठेवले.

"पाहून का राहिली माह्याकडं?" ती म्हणाली. "पुढचा लाव."